शेजाऱ्याचा भाव

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोड सुरू होते. चांगला तोडणारा फळ ओढून काढत नाही, देठासकट कापतो, आणि देठही अगदी जवळून. तो जरा लांब राहिला तर क्रेटमध्ये शेजारच्या फळाची साल फोडतो. एक फळ फुटलं की पाणी सुटतं, बुरशी येते आणि दोन दिवसांत अर्धं क्रेट जातं. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते. सोलायला नख पुरतं, म्हणून घरात तो सगळ्यांचा लाडका. लांबच्या प्रवासात मात्र हीच साल त्याला नडते. समुद्रापार महिनाभर जाणारं हे फळ नव्हे. ट्रकमध्ये चार-पाच दिवस, फार तर आठवडा, एवढीच त्याची उमेद.

म्हणून या फळाला शेजारचाच गिऱ्हाईक लागतो. वरूडहून नागपूर, रायपूर, कोलकाता करत बनगावच्या पुढे पेट्रापोलच्या नाक्यापर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर. नाक्यापलीकडे बेनापोल, आणि पुढे जेसोर, ढाका. नागपुरी संत्र्याला देशाबाहेर खरं मोठं घर मिळालं ते बांगलादेशात. त्यामुळे हंगाम आला की बागेत, मंडीत, चहाच्या टपरीवर प्रश्न एकच असतो, यंदा बांगलादेशला माल चढतो का? चढला तर व्यापारी बाग मागायला घरी येतो. नाही चढला तर शेतकरी व्यापाऱ्याच्या घरी जातो. या दोन वाक्यांमधल्या अंतरात वऱ्हाडातल्या कित्येक घरांचं वर्षाचं गणित बसलेलं आहे.

हे गणित गेल्या सहा वर्षांत बिघडत गेलं. २०१९-२० च्या सुमारास आपल्या संत्र्यावर बांगलादेशची आयात जकात किलोमागे वीस रुपयांच्या घरात पडत होती. ती दर वर्षी वाढत गेली. २०२२ साली ६३ रुपये झाली, २०२३ साली ८८, आणि नंतर शंभरी ओलांडून गेली. बागेत किलोला वीस-पंचवीस रुपये मिळाले तरी समाधान मानणाऱ्या शेतकऱ्याच्या मालावर नाक्यापलीकडे त्याच्या चौपट कर. ढाक्याच्या फळवाल्याकडे तो संत्रा पोचतो तेव्हा तिथल्या मध्यमवर्गीय माणसालाही परवडत नाही. निर्यात निम्म्याहून खाली आली. जो माल सीमेपार जायचा तो दिल्ली, कोलकाता, दक्षिणेतल्या बाजारांत एकदम येऊन पडला आणि तिथलाही भाव पडला.

राज्य सरकारने २०२३ च्या हंगामासाठी या जकातीचा निम्मा भार, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदानातून उचलायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या हाती काही तरी पडावं हा हेतू चांगला होता. पण या व्यवहाराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. महाराष्ट्राच्या तिजोरीतून निघालेला पैसा शेवटी बांगलादेशाच्या तिजोरीत भरला जाणार होता. शिवाय निर्यातीचे कागद निर्यातदाराच्या नावाचे असतात, बागवानाच्या नावाचे नसतात. तेव्हा त्या अनुदानातलं बागेपर्यंत किती उतरायचं, हे निर्यातदाराच्या मनावर.

इथे कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवं, की भारत आणि बांगलादेश यांच्यात मुक्त व्यापाराचा करार आहे ना? आहे. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार. ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादच्या सार्क परिषदेत त्यावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. त्याआधीचा सवलतीच्या व्यापाराचा करार, साप्टा, १९९३ चा. करार वीस वर्षांचा होत आला, तरी किलोमागे शंभर रुपयांची जकात कशी?

याचं उत्तर जकात या एका शब्दाच्या पोटात आहे. करारात कमी करायची ठरते ती मूळ सीमाशुल्काची टक्केवारी. बांगलादेश त्याखेरीज फळांवर पूरक शुल्क लावतो, नियामक शुल्क लावतो, त्यावर मूल्यवर्धित कर, आगाऊ प्राप्तिकर, असे थर चढवत जातो. मे २०२२ मध्ये परकीय चलनाचा साठा आटू लागला तेव्हा तिथल्या महसूल मंडळाने फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं अशा शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क बसवलं. जानेवारी २०२५ मध्ये फळांवरचं पूरक शुल्कही वाढवलं. या करांना करार आवरत नाही. शिवाय प्रत्येक देशाची संवेदनशील वस्तूंची यादी वेगळी. त्या यादीत घातलेल्या मालावर मूळ सीमाशुल्काचीही सवलत लागू होत नाही. आणि शेतमाल हा या याद्यांचा सगळ्यांत आवडता रहिवासी. कराराचा दरवाजा समोरून उघडा ठेवायचा आणि आत गेल्यावर उंबरठा गुडघ्याएवढा करायचा, अशी ही रीत आहे.

जागतिक बँकेने २०१८ साली दक्षिण आशियाच्या व्यापारावर एक अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की या प्रदेशातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. साधारण २३ अब्ज डॉलरचा हा व्यापार ६७ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकला असता. भिंतीला भिंत लागून असलेली घरं, पण वाटीभर साखर आणायची तर गावाबाहेरच्या दुकानात जायचं.

०

संत्र्यावरची ही जकात म्हणजे कांद्याचा सूड आहे, असं वऱ्हाडात अनेक जण सांगतात. आपण त्यांचा कांदा अडवला, त्यांनी आपला संत्रा अडवला. मला हे सरळ समीकरण पटत नाही. बांगलादेशाचा फळांवरचा कर भारताच्याच नव्हे, सगळ्याच देशांच्या सफरचंदांवर, द्राक्षांवर, संत्र्यांवर आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षांनाही तो बसतो. त्यामागे डॉलरची टंचाई आहे, फळ ही चैन आहे असं मानणारा जुना महसुली विचार आहे. पण सूड नसला तरी एक गोष्ट उरते. शेजाऱ्याकडे जाऊन आमच्या संत्र्याचा जरा विचार करा असं म्हणायला तोंड लागतं, आणि ते तोंड आपण कांद्याच्या व्यवहारात गमावलं.

२९ सप्टेंबर २०१९ या दिवशी, रविवारी, भारताने कांद्याची निर्यात बंद केली. आपल्याकडे पावसाने खरीप कांदा सडला होता, शहरांत भाव चढले होते. हुकूम निघाला तो तत्काळ लागू. सीमेवर उभे असलेले ट्रक तिथेच थांबले. त्यानंतर चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या बैठकीत त्यांनी हसत हसत सांगितलं की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलं आहे. पुढच्या वेळी बंद करण्याआधी थोडी कल्पना द्या, एवढीच त्यांची विनंती होती. त्या हिवाळ्यात बांगलादेशात कांदा तिथल्या चलनात किलोला दोनशे टकांच्या पुढे गेला. सरकारला विमानाने कांदा आणावा लागला. तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून.

बंदी मार्च २०२० मध्ये उठली. मग लॉकडाऊन लागला, पेट्रापोलचा नाका थांबला, आणि त्या मे महिन्यात एक चांगली गोष्ट घडली. लासलगावच्या रेल्वे धक्क्यावरून कांद्याची गाडी भरून थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकाकडे निघाली. सगळं जग दारं लावून बसलं असताना निफाड तालुक्यातला कांदा रुळांवरून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचला. मला वाटलं होतं, यातून काही तरी कायमचं घडेल.

चार महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा बंदी आली. पुन्हा तत्काळ लागू, पुन्हा सीमेवर ट्रक. आदल्या वर्षी मागितलेली ती थोडी कल्पना याही वेळी दिली गेली नाही. नंतर पंचवीस हजार टनांची खास परवानगी निघाली, पण तोवर ताडपत्रीखाली बंद असलेल्या कांद्याला कोंब फुटले होते, तळचा माल गळायला लागला होता. कांद्याला हवा लागते. चाळ बांधताना आपण खाली फळ्यांत फट ठेवतो, बाजूला बांबूच्या कामट्या लावतो ते त्यासाठीच. सप्टेंबरच्या बंगाली पावसात आणि उकाड्यात बंद ट्रक म्हणजे कांद्याचं सरणच.

पुढची यादी नाशिककरांना पाठ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यातभाव, ८ डिसेंबरला संपूर्ण बंदी. त्या दिवशी चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला. बाजार समितीच्या आवारात ट्रॉल्यांची रांग लागलेली, सकाळचा लिलाव एका भावाने सुरू झालेला, आणि दुपारी मोबाइलवर बातमी आल्यावर व्यापारी ट्रॉलीजवळून निघून गेलेले. हा प्रसंग ज्यांनी आवारात उभं राहून पाहिला आहे त्यांना धोरणातली अनिश्चितता म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. बंदी मे २०२४ मध्ये उठली, ४० टक्के शुल्क मात्र राहिलं. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं.

आणि गिऱ्हाईक? २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला होता. २०२४-२५ मध्ये तो साडेअकरा लाखांच्या आसपास आला. निर्यात मोकळी झाल्यावर बांगलादेश पूर्वीसारखा धावत आला नाही. तिथे कांदा आणायला कृषी खात्याची आयात परवानगी लागते. ती सरकार हात राखून देतं, आणि आपल्या शेतकऱ्यांचा माल बाजारात असताना देतच नाही.

इथे पलीकडच्या शेतकऱ्याकडेही पाहायला हवं. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे तिथले कांद्याचे जिल्हे. हिवाळ्याच्या सुरुवातीला मुडीकाटा, म्हणजे छोटे गड्डे लावून घेतलेला कांदा निघतो. मार्च-एप्रिलमध्ये रोपांवरचा मुख्य कांदा निघतो. नेमका त्याच वेळी आपला उन्हाळ कांदाही निघतो. सीमा सताड उघडी असली तर नाशिकचा माल त्यांच्या बाजारात जाऊन पडणार आणि पाबनाच्या शेतकऱ्याचा भाव पाडणार. तो ओरडणारच. आपल्याकडे बाहेरचा कांदा आला की लासलगावला ओरड होते, तशीच. २०१९ आणि २०२० च्या धक्क्यांनंतर त्याच्या ओरडण्याला ढाक्याच्या सरकारकडे एक बळकट कारण मिळालं: भारतावर विसंबता येत नाही, तेव्हा आपणच पिकवू. मग तिथे पावसाळी कांद्याची मोहीम सुरू झाली आणि शेतकऱ्यांना बियाणं वाटलं गेलं. त्यात कोणता वाण होता? एन-५३. आपल्या नाशिक जिल्ह्यात तयार झालेला, खरिपात चालणारा लाल कांदा. आपण शेजाऱ्याला कांदा द्यायला नकार दिला आणि त्याने आपलंच बी पेरलं. ऑक्टोबर २०२० मध्ये भारताने कांद्याच्या बियाण्याच्या निर्यातीवरही बंदी घातली होती. पण शेतीतलं ज्ञान बंदीने अडत नाही.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपते ती एक गोष्ट. निर्यातबंदी लादणं हा करारभंग ठरलाच नाही. साफ्टाच्या चौकटीत ते बसतं. जागतिक व्यापाराच्या मूळ करारातलं अकरावं कलमही अन्नाच्या तीव्र टंचाईत तात्पुरत्या बंदीला वाव देतं. म्हणजे आपण कागदाबाहेर काही केलं नाही, बांगलादेशानेही केलं नाही. दोघेही नियमानेच वागले, आणि दोन्हीकडचा शेतकरी मेला.

०

बांगलादेशाच्या बाजूनेही तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. २०११ साली भारताने सर्वांत कमी विकसित शेजाऱ्यांना, म्हणजे बांगलादेश, नेपाळ, भूतान यांना, दारू-तंबाखू अशा पंचवीस वस्तू सोडून सगळ्यावर शून्य जकात दिली. मोठी सवलत होती ती. पण जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश आणि नेपाळमधून येणाऱ्या ताग-मालावर आपण डम्पिंगविरोधी शुल्क बसवलं. बांगलादेशाच्या शेतातून निघून आपल्याकडे येणारी सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कोणती, तर ताग. जकात एका हाताने शून्य केली आणि दुसऱ्या हाताने परत बसवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्ता पालटल्यावर तर दोन्हीकडून नाकेबंदीच सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने आपल्या बंदरांतून बांगलादेशी माल तिसऱ्या देशांत नेण्याची सोय काढून घेतली. बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं थांबवलं. मे महिन्यात आपण त्यांच्या कपड्यांना फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं मोकळी ठेवली. यात संत्रा-कांद्याचा उल्लेख नाही. पण सूत आणि कपड्यांच्या भांडणात ज्या नाक्यावर ताण येतो, त्याच नाक्यावर चार दिवसांची उमेद असलेलं फळ रांगेत उभं असतं.

दक्षिणेकडे श्रीलंकेशी आपला करार साफ्टाच्याही आधीचा, २८ डिसेंबर १९९८ चा, १ मार्च २००० पासून लागू. नाशिकच्या कांद्याचं तेही जुनं गिऱ्हाईक. तिथे सरकारकडे विशेष वस्तूकर नावाचं हत्यार आहे. दंबुल्ला-मातलेच्या शेतकऱ्यांचा कांदा निघाला की बाहेरून येणाऱ्या मालावरचा हा कर वाढतो. उलट बाजूनेही तसंच. श्रीलंकेतून कमी जकातीत येणाऱ्या मिरीच्या नावाखाली व्हिएतनामची मिरी येते, ही इडुक्की आणि कोडगूच्या शेतकऱ्यांची तक्रार इतकी वाढली की डिसेंबर २०१७ मध्ये भारताला मिरीवर किलोला ५०० रुपयांचा किमान आयातभाव लावावा लागला. आमच्या कोकणात सुपारीच्या खोडावर चढलेली मिरीची वेल असते, त्या चार-दोन किलो मिरीच्या भावालाही याचा आधार झाला.

०

मिरीच्या या गोष्टीत कराराचं दुसरं, आणि मला वाटतं अधिक अवघड, दुखणं आहे. माल नक्की कुणाचा? ते समजायला लातूरच्या आडत बाजारातून नेपाळ सीमेवरच्या रक्सौलच्या नाक्यापर्यंत जावं लागतं.

सप्टेंबर २०२४. सोयाबीन सोंगणीला आलेलं आणि भाव हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या, बराच खाली. केंद्राने खाद्यतेलावरची जकात वाढवली. कच्च्या तेलावर मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के, रिफाइंडवर साडेबारावरून साडेबत्तीस. अधिभार धरून रिफाइंड तेलावर ३५.७५ टक्के. बाहेरचं तेल महाग झालं की गिरण्या देशी सोयाबीन जास्त भावाने घेतील, असा हिशोब होता.

पण साफ्टाने नेपाळचं तेल शून्य जकातीत येतं. नेपाळात सोयाबीन फारसं पिकत नाही, पाम तर नाहीच. तरीही नेपाळच्या भारताला होणाऱ्या निर्यातीत खाद्यतेल पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. ते कसं? कच्चं तेल अर्जेंटिनासारख्या देशांतून जहाजाने कोलकाता-हल्दियाला उतरतं. बंद टँकरमधून, आपल्याच रस्त्याने, रक्सौल ओलांडून वीरगंजला जातं. नेपाळची कच्च्या तेलावरची जकात आपल्यापेक्षा कमी. तिथे ते शुद्ध होतं, डब्यांत भरलं जातं, आणि नेपाळी माल म्हणून तोच रक्सौलचा नाका ओलांडून परत येतं. करारानुसार नेपाळसारख्या देशात मालाच्या किमतीत निदान तीस टक्के भर पडली पाहिजे. तेल नुसतं शुद्ध करून किमतीत तीस टक्के भर कशी पडते, हा प्रश्न आपल्या तेल उद्योगाने वारंवार विचारला आहे.

हेच नाटक श्रीलंकेत आधी झालं होतं. २००० नंतर आपल्याच काही उद्योजकांनी तिथे वनस्पती तुपाचे कारखाने काढले. पामतेल आणायचं मलेशिया-इंडोनेशियाहून, वनस्पती तूप करून पाठवायचं भारतात. आपल्याकडे मर्यादित कोटा लागला तशी त्या कारखान्यांची हवा गेली. श्रीलंकेच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळालं नव्हतं, कारण तिथल्या शेतातलं त्यात काही नव्हतंच.

लातूर-वाशिमच्या सोयाबीनला मातीमोल केलं ते एकट्या नेपाळच्या तेलाने, असं मी म्हणणार नाही. भारत वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर खाद्यतेल आयात करतो, त्यात नेपाळचा वाटा लहान आहे. सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकी ढेप, आणि ढेपेचा भाव जगाच्या बाजारात पडला होता. पण जकात वाढवली हे सांगून शेतकऱ्याला थांबायला लावायचं आणि बाजूचं फाटक उघडंच ठेवायचं, यातला खोटेपणा त्याला कळतो. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, तेव्हा रिफाइंड आणि कच्च्या तेलातला फरक वाढून देशी गिरण्यांना आधार मिळाला. सोयाबीन उत्पादकाला दिलेलं कवच मात्र निम्मं झालं.

नेपाळच्या शेतकऱ्याचीही बाजू आहे. १९५० पासूनच्या व्यापार कराराने प्राथमिक शेतमाल दोन्हीकडे जकातीविना जातो, आणि भारतीय भाजीपाल्यापुढे तिथल्या डोंगरउतारावरचा शेतकरी टिकत नाही. जून २०१९ मध्ये नेपाळने भारतीय भाज्यांवर कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी सक्तीची केली. मागणी रास्त होती, पण नाक्यांवर प्रयोगशाळाच नव्हत्या. ट्रक खोळंबले, काठमांडूत भाज्या महागल्या, आणि थोड्याच दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला.

०

शेजाऱ्यांमधल्या मुक्त शेतीव्यापाराचा एक मोठा प्रयोग मेक्सिको आणि अमेरिकेत झाला आहे. १ जानेवारी १९९४ ला त्यांच्यातला नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला, त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास राज्यात आदिवासी शेतकऱ्यांचा झापतिस्ता उठाव सुरू झाला. मका ही मेक्सिकोच्या मातीतली वस्तू, जगाला तिथून मिळालेली. तिच्यावरचं संरक्षण पंधरा वर्षांत, २००८ पर्यंत, हळूहळू काढायचं ठरलं होतं. सरकारने ते फार आधीच सैल सोडलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकन मका आत आला आणि कोरडवाहू मक्यावर जगणारी कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली. त्याच कराराने मिचोआकानच्या अवोकाडोला १९९७ मध्ये अमेरिकेचं दार उघडलं आणि २००७ पर्यंत सगळी राज्यं मिळाली. पाणी, भांडवल, पॅकहाउस असलेला बागायतदार वर गेला. डोंगरावरचा मकेवाला गेला.

टोमॅटोची गोष्ट मात्र आपल्या कांदेकऱ्याने ऐकावी अशी आहे. अमेरिकेत मेक्सिकन टोमॅटोवर डम्पिंगची तक्रार झाली तेव्हा १९९६ मध्ये दोघांनी एक समझोता केला. मेक्सिकोचे उत्पादक ठरावीक किमतीच्या खाली विकणार नाहीत, बदल्यात शुल्क लागणार नाही. अनेकदा नव्याने लिहीत तो जवळपास तीस वर्षं चालला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने तो मोडून १७ टक्क्यांचं शुल्क लावलं. पण मोडण्याआधी नव्वद दिवसांची सूचना दिली. नव्वद दिवस म्हणजे टोमॅटोचं जवळजवळ एक पीक. आपल्याकडे नव्वद मिनिटंही मिळत नाहीत.

०

निर्यातबंदीतही शेजाऱ्याला शब्द देता येतो, हे आपल्याच सरकारने सिद्ध करून दाखवलं आहे. मालदीवशी भारताचा १९८१ चा व्यापार करार आहे. त्यानुसार तांदूळ, साखर, अंडी, बटाटे, कांदे यांचा दर वर्षीचा कोटा ठरतो आणि तो निर्यातबंदीतून वगळलेला असतो. २०२४ च्या सुरुवातीला दोन्ही सरकारांत किती कडवटपणा होता हे वाचकांना आठवत असेल. तरीही त्या एप्रिलमध्ये, आपल्याकडे कांद्याची बंदी चालू असताना, मालदीवसाठी २०२४-२५ सालचा ३५,७४९ टन कांद्याचा कोटा जाहीर झाला. बांगलादेशाने असाच वार्षिक कोटा डिसेंबर २०२२ मध्ये मागितला होता. कांदा, गहू, साखर, लसूण, आलं यांचा. तिथले तेव्हाचे व्यापारमंत्री त्यासाठी दिल्लीला आले होते. तो झाला असता, तर वर्षभरानंतरच्या बंदीत नाशिकचा कांदा निदान ठरलेल्या मापाने पलीकडे जात राहिला असता, आणि जाणाऱ्या कांद्याने इथल्या लिलावाला तळ मिळाला असता.

आपल्या राज्यघटनेत सातव्या परिशिष्टात शेती हा राज्यसूचीतला चौदावा विषय आहे. परदेशांशी करार करणं हा केंद्रसूचीतला विषयही चौदावाच. दोन सूच्यांतले हे दोन चौदावे क्रमांक एका टेबलावर कधी येत नाहीत. शेतकरी राज्याचा, करार केंद्राचा. म्हणून करार दिल्लीत होतो आणि त्याचं अनुदान नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात द्यावं लागतं.

आता करारासाठी बसण्याची वेळ पुन्हा येते आहे. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ रोजी बांगलादेश सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्यानंतर २०११ च्या शून्य जकातीचा आधार त्याला आपोआप मिळणार नाही. त्याला भारताशी नवा करार हवासा वाटेल. सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराची बोलणी करायचं सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलंही होतं. आज संबंध बिघडलेले आहेत, पण शेजारी बदलता येत नाही, आणि कापड, ताग, वीज, पाणी यांचा हिशोब दोघांना कधी ना कधी बसून करावाच लागेल. त्या वेळी संत्रा आणि कांदा शेवटच्या पानावर ढकलले जाऊ नयेत.

वरूडच्या बागेत या पावसाळ्यात लावलेल्या कलमाला पहिलं धरण्याजोगं फळ पाचव्या-सहाव्या वर्षी येईल. तोवर त्याला दर उन्हाळ्यात पाणी द्यायचं, डिंक्या आणि कोळशीपासून वाचवायचं, बहारासाठी ताण द्यायचा, फळगळ सोसायची. एवढा काळ थांबणाऱ्या माणसाला जकात किती लागेल याचा पाच वर्षांचा शब्द मागण्याचा हक्क आहे. पुढच्या करारात कांद्याला मालदीवसारखा बंदीतून वगळलेला वार्षिक कोटा हवा. संत्र्यावर सगळे कर मिळून किती लावता येतील याची कमाल मर्यादा हवी. आणि नाशवंत मालावर कोणतीही बंदी किंवा वाढ आणण्याआधी निदान एका हंगामाची सूचना हवी. अमरावती, नागपूर आणि नाशिकच्या खासदारांनी या तीन ओळी लेखी मागितल्या पाहिजेत. पुढच्या वेळी ते बागेत किंवा बाजार समितीत येतील तेव्हा त्यांना याच तीन ओळी विचारा.